अकरा शहरे, एक प्रश्न : आरोग्य नेमके कोणाचे?

१/ इ. स. १८४२. एडविन चॅडविक यांनी ब्रिटनमधील श्रमिकांच्या आरोग्यस्थितीवरील अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील एक तक्ता आजही अस्वस्थ करतो. लिव्हरपूल शहरात मृत्यूसमयीचे सरासरी वय असे होते : प्रतिष्ठित वर्ग ३५ वर्षे, व्यापारी २२ वर्षे, मजूर १५ वर्षे. रटलंड या ग्रामीण परगण्यात मात्र मजुरांचेही सरासरी वय ३८ भरत होते.

२/ हे आकडे इतके खाली येण्याचे मोठे कारण म्हणजे भयंकर बालमृत्यू. तरीही तक्त्याने दोन गोष्टी उघड केल्या. शहर स्वतःच माणसाला मारू शकते, ही पहिली. आणि ते सर्वांना सारखे मारत नाही, ही दुसरी. पुढील दीडशे वर्षांत जगभरच्या नगरपालिकांनी पहिली गोष्ट लवकर मान्य केली. दुसरी मान्य करायला त्यांना फार वेळ लागला. या धाग्यात त्या विलंबाची कथा आहे.

३/ १ जानेवारी १८४७ रोजी लिव्हरपूलने डॉ. विल्यम हेन्री डंकन यांची आरोग्य अधिकारी म्हणून नेमणूक केली. ब्रिटनमधील हे अशा प्रकारचे पहिलेच पद. त्याच वर्षी आयर्लंडच्या दुष्काळातून सुटलेले लाखो लोक या बंदरात उतरले आणि टायफसची साथ भडकली. डंकन यांच्यापुढची कामे होती गटारे, पिण्याचे पाणी आणि दमट तळघरांत दाटीवाटीने राहणारी कुटुंबे. रुग्णाला औषध देण्याच्या कितीतरी आधी आरोग्याचा निकाल नगरपालिकेच्या कारभारात लागत होता.

४/ आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर मात्र शहरांना जागा नव्हती. १८५१ मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. बारा राष्ट्रांनी प्रत्येकी एक डॉक्टर व एक मुत्सद्दी पाठवला. चर्चेचा मुख्य विषय होता क्वारंटाइन, म्हणजे परदेशी जहाजे किती दिवस रोखून धरायची आणि त्यापायी व्यापाराचे किती नुकसान सोसायचे. रोग ज्या वस्तीत जन्मतो, त्या वस्तीविषयी तेथे कोणी प्रतिनिधी बोलायला आलेला नव्हता.

५/ याचे ठळक उदाहरण मुंबईने पाहिले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्याच वर्षी व्हेनिसमध्ये राष्ट्रांची परिषद भरली. तिच्यापुढचा प्रश्न होता, मुंबईचा प्लेग युरोपात येण्यापासून कसा रोखावा. मांडवीच्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत राहणाऱ्यांचे पुढे काय, हा प्रश्न व्हेनिसच्या कार्यक्रमपत्रिकेत बसणारा नव्हता.

६/ मुंबईला उत्तर मिळाले ते दुसऱ्या एका शहराकडून. त्याआधी तीस वर्षे, म्हणजे १८६६ मध्ये, ग्लासगोच्या नगरपित्यांचे एक शिष्टमंडळ पॅरिसला गेले होते. बॅरन हाउसमन यांनी जुन्या वस्त्या फोडून काढलेले रुंद रस्ते त्यांनी पाहिले. त्याच वर्षी ग्लासगोने कायदा करून सुधारणा ट्रस्ट उभारला आणि मध्यवर्ती भागातील गलिच्छ वस्त्या पाडायला घेतल्या.

७/ १८९८ मध्ये स्थापन झालेला मुंबईचा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट या ग्लासगोच्याच नमुन्यावर बेतलेला होता. पॅरिस, ग्लासगो, मुंबई : एका शहराचा अनुभव दुसऱ्याने उचलण्याची ही साखळी. नागपाड्यासारख्या वस्त्यांत पाडापाड सुरू झाली. नवे रस्ते आले, हवा खेळू लागली, काही चाळीही बांधल्या गेल्या.

८/ पण घरे पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगाहून जास्त होता. उठवलेली कुटुंबे गिरणी-गोदीतली रोजची मजुरी सोडून दूर जाणे शक्य नव्हते. ती शेजारच्याच चाळींत आणखी दाटीने शिरली. खोल्यांची भाडी वाढली. ज्या गर्दीवर उपाय म्हणून योजना आली, ती गर्दी एका गल्लीतून उचलून पलीकडच्या गल्लीत टाकली गेली.

९/ यात इतिहासाचा एक धडा आहे. शहरांनी एकमेकांकडून शिकणे ही गोष्ट चांगलीच. पण ग्लासगोहून मुंबईला नकाशा आला, कायद्याचा मसुदा आला. या उपायाची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न मात्र सोबत आला नाही. ट्रस्टच्या मंडळावर लोकनियुक्त प्रतिनिधींचे बळ तोकडे होते, आणि ज्यांची घरे जात होती त्यांचा तर आवाजच नव्हता.

१०/ १९१३ मध्ये बेल्जियममधील गेंट येथे जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने शहरांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि नगरपालिकांची पहिली जागतिक संघटना जन्माला आली. तेथेच स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडीस यांचे नगररचना प्रदर्शन गाजले. पुढील वर्षी ते प्रदर्शन भारताकडे निघाले असता जर्मन युद्धनौका ‘एम्डेन’ने ते वाहून नेणारे जहाज बुडवले.

११/ गेडीस मात्र पोहोचले. भारतातील अनेक शहरांसाठी त्यांनी अहवाल लिहिले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सुरू केला. सरसकट पाडापाडीला त्यांचा ठाम विरोध होता. तिने दाटी कमी न होता वाढते, असे ते सांगत. वस्ती जागेवर ठेवून, आवश्यक तेवढीच मोडतोड करून ती निरोगी करावी, हा त्यांचा आग्रह. पण गेंटमध्ये रुजलेली शहरांची एकजूट पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत खुंटली.

१२/ दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, जागतिक आरोग्य संघटना अस्तित्वात आली. तिचे सदस्य राष्ट्रे. तिचा पत्रव्यवहार आरोग्य मंत्रालयांशी. सप्टेंबर १९७८ मध्ये अल्मा-आटा येथे राष्ट्रांनी ‘सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा केली. विषमता मान्य नसल्याचे तेथे स्पष्ट शब्दांत नोंदवले गेले. अडचण एवढीच की घोषणा करणारी सरकारे घरी परतल्यावर वेगळे वागू शकत होती.

१३/ ब्रिटनमध्ये तेच घडले. सर डग्लस ब्लॅक यांच्या समितीने १९८० मध्ये दाखवून दिले की अकुशल कामगार वर्गातील पुरुषाला निवृत्तीच्या वयाआधी मृत्यू येण्याची शक्यता उच्च व्यावसायिक वर्गाच्या सुमारे अडीच पट आहे. सरकारने अहवालाच्या अवघ्या २६० प्रती काढल्या, त्याही ऑगस्टमधील सुट्टीच्या तोंडावर. शिफारशींचा खर्च परवडणारा नाही, असे सांगून विषय मिटवण्यात आला.

१४/ राष्ट्रे कचरत असताना शहरांकडे पुन्हा लक्ष गेले. ऑक्टोबर १९८४ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे एक परिषद भरली. आरोग्य म्हणजे केवळ रुग्णालये नव्हेत, हा तिचा विषय. लिओनार्ड ड्यूल यांनी तेथे ‘निरोगी शहर’ ही कल्पना मांडली. ट्रेव्हर हॅनकॉक हे तिचे दुसरे शिल्पकार. निरोगी शहर म्हणजे आजार नसलेले शहर नव्हे. रहिवाशांचे जगणे सुधारण्याचा प्रयत्न जे सतत चालू ठेवते, ते निरोगी शहर, अशी त्यांची व्याख्या.

१५/ श्रोत्यांत होत्या इलोना किकबुश, जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागातील अधिकारी. ही कल्पना त्यांनी कोपनहेगनच्या कार्यालयात नेली आणि मंत्रालये ओलांडून थेट महापालिकांशी बोलणी सुरू झाली. एप्रिल १९८६ मध्ये लिस्बन येथील पहिल्या बैठकीला २१ शहरांचे प्रतिनिधी आले. मोजक्या शहरांपुरता आखलेला प्रयोग इच्छुकांची संख्या पाहून अकरा शहरांनी सुरू झाला.

१६/ ती अकरा शहरे : बार्सिलोना, लंडनचा ब्लूम्सबरी-कॅमडेन भाग, ब्रेमेन, ड्युसेलडॉर्फ, हॉर्सेन्स, लिव्हरपूल, पेच, रेन, सोफिया, स्टॉकहोम आणि तुर्कू. ही यादी दोनदा वाचावी अशी आहे. पेच हंगेरीत, सोफिया बल्गेरियात. शीतयुद्ध संपलेले नव्हते, बर्लिनची भिंत उभी होती, आणि लोखंडी पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या नगरपालिका एकाच कामात सहभागी झाल्या होत्या. शिवाय यादीत लिव्हरपूल आहे : डंकन यांचे, आणि त्या १८४२ च्या तक्त्याचे.

१७/ प्रवेशाच्या अटी साध्या दिसतात, पण त्यांच्यात ग्लासगो-मुंबईच्या जुन्या चुकीवरचा इलाज दडलेला आहे. नगरपालिकेने ठराव करून जबाबदारी स्वीकारायची. गृहनिर्माण, वाहतूक, शिक्षण, पाणी या सर्व खात्यांची एकत्र समिती नेमायची. स्वतंत्र कार्यालय व कर्मचारी द्यायचे. आणि शहराच्या आरोग्याचा लेखाजोखा तयार करून तो लोकांपुढे ठेवायचा, त्यावरून आराखडा आखायचा.

१८/ यातला लेखाजोखा सर्वांत महत्त्वाचा. शहराची एकच सरासरी काढली की विषमता त्या सरासरीत बुडून जाते. वस्तीवार आकडे मांडले की कोणत्या भागात मुले अधिक दगावतात, कोठे फुप्फुसाचे विकार जास्त, कोठे घरे ओलसर, हे सभागृहात सर्वांसमोर येते. एकदा ते छापले गेले की ‘माहीत नव्हते’ असे म्हणायची सोय कोणत्याही नगरसेवकाला उरत नाही.

१९/ शहरे एकमेकांना काय देत होती? समान अडचण असलेल्या शहरांचे गट बनले : एड्स, तंबाखू, मद्यपान, मधुमेह. एकाने केलेला प्रयोग, त्यातील चुकांसह, इतरांपुढे ठेवला जाई. १९९२ पर्यंत अकराची पस्तीस शहरे झाली. १९९८ मध्ये रिचर्ड विल्किन्सन व मायकेल मार्मट यांनी संपादित केलेली, आरोग्याच्या सामाजिक कारणांवरील एक छोटी पुस्तिका याच उपक्रमाच्या सहकार्याने निघाली आणि ती जगभर वाचली गेली. आज युरोप विभागात सुमारे १०० शहरे थेट, तर सुमारे १,४०० नगरपालिका राष्ट्रीय जाळ्यांमार्फत जोडलेल्या आहेत.

२०/ यश निर्विवाद आहे का? नाही. ग्लासगोही या जाळ्यात होते. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जगापुढे ठेवलेला आकडा पाहा : ग्लासगोच्या कॅल्टन भागात पुरुषांचे अपेक्षित आयुर्मान ५४ वर्षे, काही किलोमीटरवरच्या लेन्झी गावात ८२. तब्बल २८ वर्षांचे अंतर. मजुरी, बेकारी, करप्रणाली, निवृत्तिवेतन यांचे निर्णय महापालिकेच्या हाती नसतात. शहर बरेच काही करू शकते; राष्ट्राच्या धोरणाने केलेली जखम एकट्याने भरून काढू शकत नाही.

२१/ तरीही हा मार्ग सोडला गेला नाही. १ डिसेंबर २०१४ रोजी पॅरिसमध्ये जगभरच्या महापौरांनी एचआयव्हीविरोधात एक जाहीरनामा स्वीकारला. लक्ष्य असे : लागण झालेल्यांपैकी ९० टक्के लोकांना आपल्या स्थितीची माहिती असावी, त्यांतील ९० टक्के उपचारांखाली असावेत आणि त्यांतील ९० टक्के लोकांत विषाणू दबलेला असावा. कलंक व भेदभाव संपवणे ही त्याच जाहीरनाम्यातील बांधिलकी. या जाळ्यात मुंबईचाही समावेश आहे.

२२/ १८९८ मध्ये मुंबईने परक्या शहराकडून घरे पाडण्याचे तंत्र घेतले होते. आताच्या करारात शहरे एकमेकांकडून मागतात तो हिशोब वेगळा आहे : उपचारांपासून कोण दूर राहिले, आणि का? एडविन चॅडविक यांच्या तक्त्यात तीन ओळी होत्या. प्रत्येक महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात तसा तक्ता तयार करण्याइतकी कागदपत्रे असतात. तो प्रभागवार मांडून लोकांपुढे ठेवण्याचे धाडस कोणती नगरपालिका करते, यावरच या भागीदारीचे मोल ठरते. (समाप्त)