अपुरे जबड्याचे हाड आणि दंतरोपण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

दात काढल्यानंतर त्याच्या मुळाला आधार देणारे हाडही झिजू लागते. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार दात काढल्यापासून वर्षभरात त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्मी होते आणि यांपैकी बहुतांश झीज पहिल्या तीन महिन्यांतच घडते. कवळी वापरणाऱ्या रुग्णांची पंचवीस वर्षे पाहणी करून टालग्रेन यांनी 1972 मध्ये दाखवून दिले की, खालच्या जबड्याची झीज वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट असते. वरच्या जबड्यात वेगळीच अडचण उद्भवते. दाढा गेल्यावर गालामागील हवेची पोकळी, म्हणजे सायनस, खाली पसरते व हाडाचा पातळ पापुद्राच शिल्लक राहतो. याचा परिणाम असा की, ज्याला कृत्रिम दाताची निकड सर्वांत जास्त त्याच्याकडेच तो बसविण्यासाठी हाड सर्वांत कमी असते. मिश्री व तंबाखूच्या सवयीमुळे हिरड्यांचे विकार जडलेल्या आणि दात हलू लागल्यावरच दवाखाना गाठणाऱ्या महाराष्ट्रातील रुग्णांना ही बाब विशेष लागू पडते. या अडचणीवर शोधल्या गेलेल्या उपायांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

भारतीय परंपरेत मुखरोगांचा विचार जुना आहे. सुश्रुतसंहितेत पासष्ट मुखरोग सांगितले असून त्यांपैकी पंधरा दंतमूलाचे, म्हणजे हिरड्यांचे आहेत. वरचा दात हलत असला तरी तो उपटू नये, कारण अतिरक्तस्राव होतो, असा इशाराही तेथे आढळतो. तथापि यावरून आजच्या दंतरोपणाचे मूळ प्राचीन ग्रंथांत शोधणे हा उत्साहाचा अतिरेक ठरेल.

हाडावर आणि हाडात

हाड कमी असेल तर त्यात काही रोवण्याऐवजी त्याच्यावरच धातूची चौकट बसवावी, ही कल्पना 1940 च्या दशकात स्वीडनमधील डाल यांनी मांडली. 1949 च्या सुमारास गोल्डबर्ग व गर्शकॉफ यांनी ती अमेरिकेत रूढ केली. हिरडीखाली, हाडावर बेतलेली ही चौकट कागदावर निर्दोष होती. प्रत्यक्षात जंतुसंसर्ग होऊन अनेक चौकटी काढाव्या लागत. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात लिंको यांनी अरुंद हाडासाठी पात्याच्या आकाराचे रोपण पुढे आणले. तेही बहुधा तंतुमय ऊतीने वेढले जाई व कालांतराने सैल होई.

या क्षेत्राला खरे वळण मिळाले ते दंतवैद्यकाबाहेरून. 1952 मध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाशी इतके एकजीव झाले की ते काढता येईना. 1965 मध्ये त्यांनी या तत्त्वावर पहिल्या रुग्णावर उपचार केले. 1982 च्या टोरांटो परिषदेनंतर जगाने हे तत्त्व मान्य केले. परंतु टायटॅनियमला एकजीव होण्यासाठी मुळात हाड लागतेच. सुमारे 10 मिलिमीटर उंचीचे हाड नसलेल्या रुग्णाचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही, उलट अधिक ठळक झाला.

हाड वाढविणे की टाळणे

पहिला मार्ग हाड वाढविण्याचा. 1970 च्या दशकात अमेरिकेतील टेटम यांनी सायनसचा पडदा वर उचलून खालच्या जागेत हाड भरण्याची पद्धत वापरली. 1980 मध्ये बॉइन व जेम्स यांनी तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. झीज जास्त असल्यास कमरेच्या हाडाचा तुकडा घ्यावा लागे, म्हणजे दातासाठी आणखी एक शस्त्रक्रिया. भरलेले हाड पक्के होण्यास अनेक महिने व त्यानंतर रोपण जुळण्यास पुन्हा काही महिने, अशा रीतीने उपचार वर्षभर लांबत.

दुसरा मार्ग अपुऱ्या हाडाला वळसा घालण्याचा. ब्रोनेमार्क यांनीच गालाच्या हाडात रोवायची 30 मिलिमीटरहून लांब रोपणे विकसित केली. लिस्बन येथील मालो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये खालच्या जबड्यासाठी चार रोपणांची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांतील मागची दोन रोपणे तिरकी बसवून मज्जातंतू टाळला जातो. वरच्या जबड्यात याच युक्तीने सायनस टाळता येते. अनेकदा त्याच दिवशी तात्पुरते दातही बसविले जातात. मात्र गालाच्या हाडातील शस्त्रक्रिया डोळ्याच्या खोबणीजवळून जात असल्याने ती निष्णात हातांतच सुरक्षित असते.

2021 : जबडाच नसलेले रुग्ण

महाराष्ट्रात हा प्रश्न तीव्र झाला तो कोविडच्या दुसऱ्या लाटेत. मे 2021 मध्ये केंद्राने म्युकरमायकोसिस हा अधिसूचित रोग करण्याची सूचना राज्यांना दिली. जुलै 2021 पर्यंत देशात 45 हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रातील होते. मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर ही त्याची प्रमुख कारणे. राज्य शासनाने या रोगाचा उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत समाविष्ट केला. अनेकांचा जीव वाचला, पण त्यासाठी वरचा जबडा काढावा लागला. अशा रुग्णाचे अन्न नाकात जाते व बोलणे अस्पष्ट होते. टाळूचे छिद्र बुजविणारी तबकडी सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आम्ब्रोआझ पारे यांनी वर्णिली होती. पण तिला धरून ठेवायला दात किंवा हाडाचा कंगोरा लागतो, आणि येथे दोन्ही नसतात. म्हणून गालाच्या हाडातील रोपणे, तसेच सीटी स्कॅनवरून त्या रुग्णापुरती घडविलेली टायटॅनियमची चौकट यांकडे शल्यविशारद वळले. 1940 च्या दशकातील डाल यांची टाकून दिलेली कल्पना अशा प्रकारे संगणकाच्या साहाय्याने परत आली. बुरशीने गालाचे हाडही पोखरले असल्यास मात्र पहिला पर्याय बाद होतो.

तंत्राच्या इतिहासात अंतराची नोंद क्वचितच घेतली जाते. बदलापूर स्थानकापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे 68 किलोमीटर आहे. त्या स्थानकालगत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. 1933 मध्ये स्थापन झालेले नायर दंत महाविद्यालय गाठण्यासाठी दादरला गाडी बदलावी लागते. खरवईच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने प्रत्येक फेरी म्हणजे एक बुडालेला रोज. हाड भरण्याच्या मार्गात अशा फेऱ्या अधिक, तर वळसा घालणाऱ्या मार्गात कमी. पण दुसऱ्या मार्गासाठी लागणारे निष्णात शल्यविशारद व पूर्ण भुलीची सोय प्रामुख्याने मोठ्या शहरांतच एकवटलेली आहे. जबड्याच्या हाडाची उंची मिलिमीटरमध्ये मोजली जाते. उपचार निवडताना त्यासोबत रुग्णाला किती वेळा कर्जत लोकल पकडावी लागेल, हेही केसपेपरवर लिहिले जाणे गैर ठरणार नाही.