चांदीची सिनी आणि कलईची थाळी

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या घरी एक लोखंडी पेटी होती. तिच्यात जुन्या ओढणीत गुंडाळलेल्या दोन वस्तू असत: एक मोठी सिनी, म्हणजे तबक, आणि एक पानदान. दोन्ही चांदीच्या, अशी घरातल्या सगळ्यांची खात्री. ईदला आणि घरात लग्नाची बोलणी असली की दादी त्या बाहेर काढायची. पाहुण्यांसमोर सिनी यायची ती विड्यांची आणि अत्तराच्या कुपीची. जेवण मात्र कलई केलेल्या तांब्याच्या थाळ्यांत. लहानपणी मी एकदा शीरखुर्मा सिनीत ओतून घ्यायचा हट्ट धरला होता. दादी एवढंच म्हणाली, "इसमें खाना नै बेटा, गुना है."

घरात चांदी आहे, पण त्यात जेवायचं नाही. मग ती ठेवायची कशाला? या प्रश्नाचं उत्तर शोधताना वऱ्हाडचा बराच इतिहास हाताला लागतो.

आधी नियम पाहू. सोन्या-चांदीच्या भांड्यांत खाऊ-पिऊ नये, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. हनफी फिकहच्या 'हिदाया' या ग्रंथात तर अशा भांड्यातून तेल किंवा अत्तर लावणंही मना आहे. म्हणजे काटेकोर पाहिलं तर दादीची अत्तराची कुपी चालली असती, चांदीची अत्तरदाणी चालली नसती. यामागचा विचार साधा आहे. ज्या गावात कुणाच्या चुलीवर आज काही शिजलेलं नाही, तिथे चांदीच्या ताटात जेवणं हा माज आहे. पण चांदी म्हणून चांदी वाईट, असंही नाही. पैगंबरांचा तडकलेला प्याला चांदीच्या साखळीने सांधला होता, ही रिवायत बुखारीतच आहे. पुरुषांना चांदीची अंगठी चालते. मेहेर चांदीच्या हिशेबाने ठरते आणि जकातीचा निसाबही चांदीचा: साडेबावन्न तोळे, म्हणजे साधारण 612 ग्रॅम.

राजेरजवाड्यांनी हा नियम पाळला का? नाही. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त शाही स्वयंपाकघराचं वर्णन आहे. सोन्या-चांदीची भांडी लाल कापडात बांधून यायची, तांब्याची आणि चिनी मातीची पांढऱ्या कापडात. त्याच ठिकाणी हेही नोंदलंय की बादशहाच्या तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा कलई होत असे. म्हणजे बादशहाच्या दस्तरखानावर दोन्ही होतं. सामान्य घरांनी त्यातलं कलईचं तांबं उचललं. आमच्या गल्लीत कलईवाला यायचा, भाता पेटवायचा, नवसागराचा पांढरा धूर निघायचा आणि काळपट थाळी क्षणात चांदीसारखी चमकायची. गरिबाची चांदी तीच.

या दोन्हींच्या मधली वाट दख्खनच्या कारागिरांनी काढली, तिचं नाव बिदरी. बिदर ही बहामनींची राजधानी आणि वऱ्हाड त्यांचाच एक सुभा. 1490 मध्ये इमादशाही वेगळी झाली तरी हा जुना संबंध होताच. बिदरी भांडं जस्ताचं, त्यात थोडं तांबं. त्यावर नक्षी कोरायची, कोरलेल्या रेषांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. मग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या पाण्यात ते धरलं की जस्त काळं पडतं आणि चांदी पांढरीच राहते. भांडं चांदीचं नाही, चांदी फक्त अंगावर. अशा जडावाच्या भांड्याला इमाम अबू हनीफा परवानगी देतात, अट एवढीच की तोंड चांदीला लागू नये. हुक्क्याचे बुड, पानदानं, सुरया बिदरीच्या का घडल्या, याचं एक कारण हे असावं, असा तर्क करता येतो.

आता शब्द पाहा. तबक अरबीतून आलेलं, रकाबी फारसीतून. अत्तरदाणी, गुलाबदाणी, पिकदाणी यांतलं 'दाणी' म्हणजे फारसीतलं 'दान'. आज कुठल्याही मराठी घरी हळदीकुंकवाला चांदीची गुलाबदाणी फिरते, तेव्हा ती कुणाची संस्कृती असा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि विचारायचं कारणही नाही. पाहुण्याच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडायची रीत दोन्ही घरांत एकच.

पण वऱ्हाडात एवढी चांदी आली कुठून? कापसातून. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि इकडच्या कापसाचे भाव कडाडले. पैसा आला तो चांदीच्या रुपयांत. पाठोपाठ आगगाडी आली. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावचा रेल्वे फाटा उघडायला आले होते. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, आणि चांदीसाठी त्याचं नाव आजही घेतलं जातं. तेव्हाचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, बारापैकी अकरा भाग चांदी. रुपये सोनाराकडे द्यायचे आणि कडी, वाळे, पानदान घडवून घ्यायचं. बँक नव्हती, व्याज घ्यायचं नव्हतं. वेळ आली की पानदान पुन्हा रुपया होणार, हा भरवसा होता.

तो भरवसा सरकारनेच मोडला. 1893 पर्यंत कुणीही टांकसाळीत चांदी देऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. त्या वर्षी टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. रुपयाची किंमत सरकारने धरून ठेवली, नुसत्या चांदीचा भाव मात्र घसरत गेला. घरातला तोळा आता रुपयाएवढा राहिला नाही. आणि नेमके पुढच्या सात वर्षांत 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ आले. लोक चांदी घेऊन बाजारात गेले तेव्हा हातात कमी पैसे पडले. त्यात हिंदूंची वाळी होती, मुसलमानांची पानदानं होती. दुष्काळाने जात विचारली नाही, सराफाच्या तराजूनेही नाही.

आमच्या घरची पाळी फार नंतर आली. अब्बांच्या ऑपरेशनसाठी पैसे कमी पडले, तेव्हा आपा आणि मी त्या दोन वस्तू घेऊन सराफ्यात गेलो. सराफाने सिनी उलटी केली, भिंग लावलं आणि हसला. मागे बारीक अक्षरं होती, ई.पी.एन.एस. म्हणजे आत निकेल, तांबं, जस्त यांचा मिश्रधातू आणि वरून विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी 1840 मध्ये या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि असा माल जगभर गेला. खऱ्या इंग्लिश स्टर्लिंगमध्ये हजारात 925 भाग चांदी असते आणि त्यावर चालत्या सिंहाचा छाप असतो. आमच्या सिनीवर सिंह नव्हता. पानदानावर तर कसलाच छाप नव्हता, पण ते अस्सल निघालं. इथल्याच कुणा सोनाराने रुपये वितळवून घडवलेलं असावं. ते तराजूत गेलं. त्याची जाळी, झाकणावरची वेल, आतल्या चुन्या-काथाच्या डब्या, कशालाच भाव नव्हता. भाव फक्त वजनाला.

घरी येऊन सांगितलं तेव्हा अम्मी आधी गप्प बसली. मग म्हणाली, दादी तर दरवर्षी जकातीत सिनीचंही वजन धरायची. जास्त गेलं ते सदका समजायचं. मी 'हिदाया' पुन्हा उघडून पाहिलं. ज्या मुलाम्यातून चांदी वेगळी काढता येत नाही, त्या भांड्याला हरकत नाही, असं तिथे लिहिलंय. म्हणजे त्या सिनीत मला शीरखुर्मा मिळू शकला असता!

आता ईदला त्या सिनीतूनच वाट्या फिरतात. मुलामा कडांना उडालाय, खालचा पिवळट धातू दिसतो. पानदानाचा साधा फोटोही आमच्याकडे नाही, हे मला राहून राहून टोचतं. गरजेपोटी चांदी विकण्यात लाज नाही. ती ठेवलीच त्यासाठी होती. वाचकांना विनंती एवढीच: तुमच्या पेटीत असं काही असेल तर सराफाकडे जाण्याआधी त्याचा फोटो काढा, वजन करा, मागचा छाप पाहा, आणि ते कुणी, कुठून, कशासाठी आणलं हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवा. आमच्या दादीला हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही.