मेपलचं पान टेबलावर केव्हा उतरलं

अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू इंग्लंडच्या सहा राज्यांत, ऑक्टोबर उजाडला की डोंगरच्या डोंगर लाल-केशरी होतात. त्याच देशातल्या जुन्या सामानाच्या दुकानांतून हिंडलं, तर कुठे एखादं बुटकं टेबल, कुठे स्टूल, कुठे ड्रॉवरचं लहानसं कपाट समोर येतं आणि त्यावर मेपलची, ओकची पिकली पानं अ‍ॅक्रिलिक रंगांत रंगवलेली असतात. ही तिथली पिढीजात लोककला असणार, असं पाहणाऱ्याला सहज वाटतं. झाडं दारात, लाकूडही त्याच झाडांचं, हिवाळा लांबलचक आणि घरात बसून करायला हाताला काम हवं. मग पानं फर्निचरवर उतरली यात नवल ते काय? हा तर्क दिसायला सरळ आहे, पण जुनं फर्निचर प्रत्यक्ष तपासलं की तो टिकत नाही. पिकलं पान घरगुती फर्निचरवर फार उशिरा आलं. ते येण्याआधी दोन गोष्टी घडाव्या लागल्या. लोकांना ते पान ‘बघण्यासारखं’ वाटू लागावं लागलं, आणि घरच्या हौशी हातांना झेपेल असा रंग बाजारात यावा लागला. पहिली गोष्ट एकोणिसाव्या शतकात घडली, दुसरी 1955 नंतर.

सुरुवात जुन्यात जुन्या पुराव्यापासून करू. कनेटिकटच्या किनाऱ्यावर, सेब्रुक आणि गिलफर्ड या गावांच्या परिसरात, अठराव्या शतकाच्या आरंभी रंगवलेल्या लाकडी पेट्या आज संग्रहालयांत आहेत. त्यांच्यावर काय आहे? गुलाब, काटेरी थिसल, राजमुकुट आणि फ्रान्सचं लिलीचिन्ह. म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि फ्रान्सची राजचिन्हं, युरोपातून आलेल्या छापील नमुन्यांवरून उचललेली. पेटी रंगवणारा माणूस दर शरद ऋतूत लाल मेपलखालून ये-जा करत होता, पण पेटीवर त्यानं जे काढलं ते समुद्रापलीकडचं. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वसाहतींची गोष्टही हीच. तिथे मुलीला लग्नात द्यायच्या पेटीवर ट्यूलिप, बदाम, पक्ष्यांच्या जोड्या आणि बर्क्स काउंटीत तर एकशिंगी घोडे आहेत. 1800च्या पुढेमागे न्यू इंग्लंडच्या मुलींच्या शाळांत लहान शिवणटेबलं रंगवायला शिकवत. त्यांतल्या कित्येक टेबलांचं लाकूडच मेपलचं. त्या फिक्या, ठिपकेदार लाकडावर मुलींनी फुलांच्या माळा, शिंपले आणि छापील चित्रांतले देखावे काढले. खाली मेपल आणि वर गुलाब, यापेक्षा बोलका पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

इथे जाणकार हरकत घेईल की पानं तर होतीच. लँबर्ट हिचकॉकच्या खुर्च्या घ्या. या गृहस्थानं 1818मध्ये कनेटिकटमध्ये खुर्च्यांचे सुटे भाग करायला सुरुवात केली आणि पुढच्या दशकात अख्ख्या खुर्च्यांचा कारखाना उभा केला. आधी लाल हात, त्यावर काळा हात, तोही असा की खालचा लाल रेषारेषांनी दिसावा आणि साधं लाकूड महागड्या रोझवुडसारखं भासावं. मग वॉर्निशचा हात द्यायचा आणि तो पुरता वाळायच्या आत, बोट टेकलं तर चिकटेल एवढा ओला असताना, त्यावर कापलेला स्टेन्सिल ठेवून मखमलीच्या तुकड्यानं ब्राँझची पूड चोळायची. हे काम मुख्यतः बायका करत. पाठीच्या पट्टीवर फळांनी भरलेला वाडगा आणि भोवती पानं, हा त्यांचा ठरलेला थाट. पानं आहेत, हे खरंच. पण ती फळाची सोबत म्हणून आहेत, सोनेरी आहेत आणि कुठल्याच ऋतूची नाहीत. ग्रीकांच्या खांबांवरून आलेलं अकँथसचं पान असो की द्राक्षवेल, युरोपच्या नक्षीतलं पान नेहमी टवटवीत, भरल्या अंगाचं असतं. कडेला करपलेलं, कीड लागून भोक पडलेलं, झाडावरून गळालेलं पान हा नक्षीचा विषय होऊ शकतो, हे त्या परंपरेला सुचलेलंच नव्हतं.

नक्षी आजूबाजूच्या निसर्गातून आपोआप येत नाही, हे मराठी वाचकाला पटायला जड जाऊ नये. आपल्या दारावर आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण चढतं ते आंब्याची झाडं सर्वांत जास्त आहेत म्हणून नव्हे, विधीनं त्या पानाला मान दिला म्हणून. फाल्गुनात सगळी पानं टाकून पळस पेटतो, तरी त्याची गळालेली पानं आपण उंबऱ्यावर काढली नाहीत. न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यालाही ऑक्टोबर म्हणजे सफरचंदं उतरवणं, मका आत घेणं, हिवाळ्याची लाकडं रचणं. गळणारं पान म्हणजे पुढच्या पाच महिन्यांच्या थंडीची वर्दी. ते कौतुकानं पेटीवर रंगवावं असं त्याला कशाला वाटेल?

हे वाटणं बदललं ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, आणि बदलाची साक्ष देणारी दोन कामं अवघ्या दोन वर्षांच्या अंतरानं लोकांसमोर आली. जॅस्पर क्रॉप्सी या अमेरिकन चित्रकारानं लंडनमध्ये राहून हडसन नदीकाठच्या शरदाचं भलंमोठं चित्र 1860मध्ये पुरं केलं. इंग्लंडची झाडं बहुतेक पिवळी-तपकिरी होऊन गळतात, त्यामुळे चित्रातला लाल रंग तिथल्या लोकांना खोटा वाटला. तेव्हा क्रॉप्सीनं अमेरिकेतून खरी पानं मागवून चित्राशेजारी लावली, असं सांगतात. दुसरं काम अमेरिकन लेखक थोरोचं. मे 1862मध्ये तो वारला आणि त्याच ऑक्टोबरात ‘अटलांटिक’ मासिकात शरदाच्या रंगांवरचा त्याचा दीर्घ निबंध आला. इंग्रजी कवितेनं हे रंग पाहिलेलेच नाहीत, आणि आपल्याच शहरांतल्या कित्येकांनाही ते ठाऊक नाहीत, ही त्याची खंत. प्रत्येक झाडाचं ऐन रंगात आलेलं एकेक पान घ्यावं, त्याची बाह्यरेषा काढावी, रंग हुबेहूब उतरवावा आणि त्याचं एक पुस्तक करावं, ही कल्पना त्यानं त्या निबंधात मांडली आहे. पुस्तक झालं नाही. पण आज टेबलावर पान रंगवणारी बाई अगदी त्याच क्रमानं जाते: पान घेते, रेषा काढते, रंग जुळवते. हे दोघं शेतकरी नव्हते, हेही ध्यानात घ्यायला हवं. पानगळ सुंदर दिसायला तिच्यापासून थोडं लांब उभं राहावं लागतं, आणि शेतावरून शहरात जाणाऱ्या अमेरिकेला ते अंतर याच काळात मिळालं.

या मांडणीला सर्वांत जोरदार धक्का जपानकडून बसू शकतो. लाखेच्या पेट्या-फडताळांवर सोन्याच्या पुडीनं मेपलची पानं काढण्याची कला तिथे कित्येक शतकांची आहे, आणि तिला ना अ‍ॅक्रिलिक लागलं ना थोरो. पण तिथला क्रम नीट पाहिला, तर तो माझ्या बाजूनंच बोलतो. दहाव्या शतकाच्या आरंभी दरबारासाठी संकलित झालेल्या ‘कोकिनशू’ या काव्यसंग्रहात शरदाच्या कवितांचे स्वतंत्र विभाग आहेत आणि तात्सुता नदीवर वाहणारी लाल पानं हा त्यांतला मानाचा विषय. पानं पाहायला मुद्दाम डोंगरात जाण्याची रीत आहे. डोळा आधी कवितेनं घडवला, लाखेवर पान नंतर आलं. शिवाय ती लाख म्हणजे वर्षानुवर्षं उमेदवारी केलेल्या कारागिराचं काम, घरची कुणी सुट्टीच्या दिवशी करील असं नव्हे. जपानच्या वस्तू 1876च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात अमेरिकेनं डोळे भरून पाहिल्या आणि श्रीमंतांच्या फर्निचरवर जपानी वळणाची नक्षी आली. सामान्य घरातलं टेबल मात्र कोरंच राहिलं.

कारण त्या घरांत पान आलं होतं ते खरंखुरं. बायकांच्या मासिकांतून पानं वहीत दाबून वाळवण्याच्या, त्यांच्यावर मेणाचा किंवा वॉर्निशचा हात देऊन रंग टिकवण्याच्या कृती छापून येत. गरम इस्त्री मेणावर फिरवायची आणि तीच हलक्या हातानं पानावर. ही पानं चित्रांच्या चौकटींभोवती, आरशांवर लागली. म्हणजे डोळा तयार होता, हौसही होती. अडलं होतं ते रंगापाशी.

पिकलेलं पान रंगवणं हे फूल किंवा बदाम रंगवण्यापेक्षा वेगळं काम आहे. बदामाला एक रंग पुरतो. मेपलच्या एका पानात शिरांच्या कडेनं रेंगाळलेला हिरवा, त्याला लागून पिवळा, टोकांकडे चढत जाणारा लाल आणि अगदी कडेला तपकिरी असतो. हे साधायचं तर पातळ थरावर पातळ थर चढवावे लागतात आणि खालचा थर जागचा हलता कामा नये. जवसाच्या तेलातला रंग हवेतला प्राणवायू घेत घेत सुकतो, एका हाताला दिवस जातात. तोवर धूळ बसते, मूल हात लावतं, टेबल अडून राहतं. अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी उडालं की त्यातले राळेचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो. तो पुन्हा पाण्यानं विरघळत नाही आणि अर्ध्या तासात दुसरा हात देता येतो. ऑटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं अ‍ॅक्रिलिक आम्लापासून होणाऱ्या या पदार्थांवर प्रबंध लिहिला तो 1901मध्ये. पण पाण्यात कालवायचा चित्रकारांचा अ‍ॅक्रिलिक रंग बाजारात आला 1955मध्ये, सिनसिनाटीच्या हेन्री लेव्हिसनच्या ‘लिक्विटेक्स’च्या रूपानं.

प्रत्यक्ष काम कसं चालतं, ते पाहिलं की रंगाचा वाटा लक्षात येतो. लाकूड पॉलिशपेपरनं घासून, अस्तराचा हात देऊन वाळवतात. ट्रेसिंग पेपरवरचं पान कार्बनसारख्या करड्या कागदानं फळीवर उतरवतात. चपटा ब्रश घेऊन त्याच्या एका कोपऱ्याला पिवळा आणि दुसऱ्याला लाल लावतात, ताटलीवर दोन-चारदा मागेपुढे ओढून मधोमध केशरी जमू देतात. मग लाल कोपरा बाहेरच्या रेषेवर ठेवून ब्रश किंचित थरथरवत आत ओढला, की पानाची एक पाकळी रंगाच्या उतरणीसह एका फटकाऱ्यात उमटते. वाळल्यावर ब्रशचा एक कोपरा भाजलेल्या गेरूसारख्या तपकिरीत आणि दुसरा नुसत्या पाण्यात बुडवून सावली देतात. शिरा बारीक ब्रशनं देठाकडून टोकाकडे, सुटत्या हातानं काढतात. शेवटी दातांच्या ब्रशवरून अंगठा फिरवून तपकिरी शिंतोडे उडवतात, ते पानावरचे डाग. ओला अ‍ॅक्रिलिक दुधट असतो आणि वाळल्यावर गडद होतो, म्हणून शिकलेला हात रंग मुद्दाम थोडा उजळ कालवतो. हे सगळं एका दुपारी होतं. तेलरंगात याच पायऱ्यांना पंधरवडा गेला असता.

लाल गेरू, पिवडी, हिंगूळ हे रंग हजारो वर्षांचे आहेत, मग श्रेय अ‍ॅक्रिलिकला कशाला, असं कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर 1955पूर्वीच्या फर्निचरमध्येच सापडतं. त्या आधीच्या पंचवीस वर्षांत रंगवलेल्या फर्निचरची हौस अमेरिकेत पुन्हा जोरात आली होती. विस्कॉन्सिनमध्ये पेर लिस्ने हा नॉर्वेहून आलेला, गाड्या रंगवणारा कारागीर आपल्या मुलखाची वेलबुट्टी काढत होता. प्रॉव्हिन्सटाउनमध्ये पीटर हंट टाकाऊ खुर्च्या-कपाटांवर युरोपच्या खेड्यांतल्यासारखे बदाम, फुलं, देवदूत काढून विकत होता आणि त्याची नक्कल घरोघर चालली होती. एस्थर स्टीव्हन्स ब्रेझर जुन्या खुर्च्या-पत्र्यांवरच्या नक्ष्यांची ट्रेसिंग्ज घेत होती. तिचं त्यावरचं पुस्तक 1940मध्ये आलं. हौस होती, शिकवणारे होते, रंगद्रव्यं होती. तरी तिघांपैकी कुणाचीही ओळख पिकलं पान ही नाही. पान सर्रास दिसू लागतं ते त्यानंतर, गावोगाव अ‍ॅक्रिलिकचे वर्ग निघाले तेव्हा. हे वर्ग इतके फोफावले, की 1972मध्ये अशा रंगकामाची राष्ट्रीय संस्थाच स्थापन झाली. त्याच दशकांत मोटारीनं डोंगरात जाऊन पानं पाहणं ही सर्वसामान्य कुटुंबाची ऑक्टोबरातली सहल झाली होती. एका रंगानं एकट्यानं हे घडवलं असं मी म्हणत नाही, पण त्याच्याविना ते या घरांपर्यंत पोचलं नसतं.

उरते एक हरकत, आणि ती मला सर्वांत अन्यायाची वाटते: ही सगळी तयार नमुन्यांवरून केलेली नक्कल, तिचा कसला इतिहास? नमुन्यावरून रंगवणं हा या कलेचा मूळ स्वभाव आहे. स्टॉकर आणि पार्कर यांनी 1688मध्ये इंग्लंडात लाखकाम शिकवणारं पुस्तक काढलं, त्यात उतरवून घ्यायला चित्रं जोडलेली होती. सेब्रुकच्या पेट्या छापील नमुन्यांवरून झाल्या, हिचकॉकच्या खुर्च्या स्टेन्सिलनं. त्या संग्रहालयात बसतात आणि 1980च्या सुमाराचं पानांचं टेबल टाकाऊ ठरतं, यात निकष कलेचा नसून वयाचा आहे. उलट या नव्या कामाचा पुरावा जुन्यापेक्षा भक्कम आहे. नमुन्याच्या पाकिटात पानाची रेषा, रंगांची नावं, हातांचा क्रम असा सगळा तपशील लिहिलेला असतो. ब्रेझरबाईंना असा कागद मिळाला असता, तर एकेका खुर्चीवरचा स्टेन्सिल पापुद्रा वाचून ताडण्याचे त्यांचे कष्ट वाचले असते. आज ही टेबलं विकत घेऊन त्यांच्यावर सपाट पांढरा रंग मारण्याची टूम आहे आणि पाकिटं रद्दीत जातात. संग्रहालयांनी टेबल आणि त्याचं पाकीट ही जोडी आत्ताच, दोन्ही सहज मिळताहेत तोवर, एकत्र जपायला घ्यावी.