वसई, सोपारा, आगाशी : एका दिवसाची यात्रा



आयंबिलच्या ओळीत नऊ दिवस आपण श्रीपाल-मयणाची कथा ऐकतो. त्यात धवल शेठ श्रीपालला समुद्रात ढकलतो, नवपदाच्या स्मरणाने तो मगरीच्या पाठीवर बसून कोकणच्या किनाऱ्याला लागतो, ठाण्याला येतो. पुढे सोपाऱ्याच्या महासेन राजाची मुलगी तिलकसुंदरी सर्पदंशाने निपचित पडलेली असते, तिला तो उठवतो आणि तिच्याशी त्याचं लग्न होतं. लहानपणापासून ऐकत आले, पण हे सोपारा म्हणजे आपलं लोकलचं नालासोपारा, हे लग्नानंतर ठाण्याला आल्यावर समजलं. तेव्हापासून ते गाव बघायचं मनात होतं.

गेल्या पौषात योग आला. वसईचा किल्ला, कोळीवाडे, सोपारा, आगाशी आणि अर्नाळा अशी एका दिवसाची सहल होती, सोबत माहिती सांगणारा वसईचाच एक तरुण. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "आगाशीला मुनिसुव्रत दादांचं दर्शन होणार असेल तर येते. पण ते मासळीचे बंदर कशाला?" मी म्हटलं, रस्त्यातच आहे. निघताना त्यांनी हातावर दही-साखर ठेवली, तीन नवकार म्हटले आणि उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या, थेपले, खाखरे पिशवीत भरले.

पहिला मुक्काम वसईचा किल्ला. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं ती त्यांच्या उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं होती. आत चर्चच्या छत नसलेल्या भिंती, उंच कमानी, दगडी जिने, त्यातून वर आलेली झाडं. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. इथल्या चर्चच्या घंटा मग घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा त्यांतलीच. पुढे ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईलाच. एकाच गावात एक राज्य आलं, दुसऱ्याने ते घालवलं आणि दुसऱ्याचंही जायला सुरुवात झाली. आमचा मार्गदर्शक म्हणाला, "राज्यं बदलली, पण किल्ल्याबाहेरचे कोळी तिथेच राहिले. तेच तीन राजवटींना विचारा, होड्या कोणाच्या होत्या."

तिथून आम्ही पाचूबंदरला गेलो, आणि आता जे लिहिते आहे ते लिहायला मला दोन महिने लागले.

वाळूवर बांबूंच्या उंच रांगा होत्या आणि त्यांवर बोंबील वाळत घातलेले, तोंडात तोंड अडकवून, ओळीने. घरांच्या भिंतीत क्रूस, दारात जाळी दुरुस्त करत बसलेले पुरुष. वास इतका, की सासूबाईंनी पदर नाकाला लावला. मीही रुमाल लावला. ऊन चढलं होतं, वाळूतून चालणं होईना, आणि अचानक सासूबाईंना गरगरलं. समोरच्या घरातून एक बाई धावत आली. वयाने माझ्याएवढीच असेल. तिने त्यांना हाताला धरून ओटीवर बसवलं, वारा घातला. ओटीच्या कोपऱ्यात सुक्या मासळीची टोपली होती. आमच्याकडे एकदा बघून तिने काही न बोलता ती उचलली आणि आत नेऊन ठेवली. मग तांब्याभर पाणी घेऊन आली.

मी "नको, नको" म्हणाले. आणि हात असा मागे घेतला, जसा तापलेल्या तव्यावरून घेतो.

सासूबाई उकळलेलंच पाणी पितात, मीही त्या दिवशी तेच पाळलं होतं. आमच्याकडे पाणी होतंही. तेव्हा पाणी नाकारलं यात चूक नाही. पण मी कारण सांगितलं नाही. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला ठाऊक आहे, आणि तिलाही कळलं. ती एवढंच म्हणाली, "घेऊ नका ताई, पण आईंना बसू द्या जरा."

आम्ही दहा-पंधरा मिनिटं बसलो. निघताना मी "थँक्यू" म्हटलं. तिचं नावही विचारलं नाही.

गाडी भुईगाववरून उत्तरेला निघाली. मार्गदर्शक अशोकाबद्दल सांगू लागला. सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक, ग्रीक लेखकांनी नोंदवलेलं बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्याच वर्षी त्यांनी 'बुरूड राजाचा कोट' म्हणतात त्या टेकाडात खणून बौद्ध स्तूप उजेडात आणला. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, भोवती आठ छोट्या मूर्ती. तांब्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा करंडक. त्यात सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या होत्या. बुद्धाच्या भिक्षापात्राच्या त्या असाव्यात असं पंडितजींना वाटलं. एवढ्या पेट्या एकात एक, आणि आत माती! नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावलाच मिळाला. तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

त्या दोन लेखांत आहे काय? आठव्यात अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे शिकारीला आणि मौजेला. तो मात्र राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी बोधिवृक्षाच्या स्थानी गेला आणि त्याने धर्मयात्रा सुरू केल्या. धर्मयात्रेत श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, वृद्धांना भेटायचं, आणि गावोगावच्या लोकांना भेटून त्यांच्याशी धर्माबद्दल बोलायचं.

नववा लेख तर थेट आपल्या घरातला. आजारपणात, मुलांच्या लग्नात, बाळ झालं की, प्रवासाला निघताना लोक नाना मंगल विधी करतात, आणि बायका तर फारच, क्षुल्लक आणि निरर्थक, असं सम्राट म्हणतो! विधी करावेत, पण त्यांचं फळ थोडं. मोठं फळ देणारं मंगल वेगळं: नोकर-दासांशी नीट वागणं, गुरूंचा आदर, जिवांबाबत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान.

हे ऐकून सासूबाई हसल्या. "म्हणजे माझी दही-साखर गेली वाया." मग थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "त्या बाईने टोपली उचलून आत नेली, पाहिलंस? आपण काही बोललो नव्हतो."

मला उत्तर देता आलं नाही. विहारयात्रा की धर्मयात्रा, हे सकाळपासून आम्हाला कोणी विचारलं असतं तर मी छाती काढून 'धर्मयात्रा' म्हटलं असतं. आगाशीचं दर्शन होतं ना यादीत!

सोपाऱ्यात आज बंदर दिसत नाही. खाडी गाळाने भरली, तलाव आणि वस्ती उरली. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी तीर्थांमध्ये सोपाऱ्याची आणि इथल्या ऋषभदेवांच्या प्रतिमेची नोंद केली आहे. तिथून आगाशीला आलो. मुनिसुव्रत स्वामींचं हे मंदिर शेठ मोतीशहांनी बांधलं असं सांगतात. भायखळ्याचं मंदिर आणि पालिताण्याची टूंक बांधणारे तेच मोतीशहा. १८३४ मध्ये मुंबईची पांजरापोळ उभी करण्यात जमशेटजी जीजीभॉयांबरोबर तेही होते. पण त्यांची संपत्ती चीनच्या समुद्री व्यापारातली, आणि त्या व्यापारात अफूही होती. समुद्रावर कोणाचे हात किती स्वच्छ, हा हिशोब वासावरून होत नाही, एवढं मला तिथे पायरीवर बसून कळलं.

अर्नाळ्याला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. बेटावरचा किल्ला किनाऱ्यावरूनच पाहिला; होडीने जाऊन परत येईपर्यंत चौविहाराची वेळ टळली असती. सूर्य मावळायच्या आत थेपले खाल्ले. होड्या वाळूवर ओढलेल्या होत्या. मार्गदर्शक म्हणाला, जूनपासून जुलैअखेर मासेमारीला सरकारी बंदी असते, मासळीच्या विणीचा काळ म्हणून. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मग होड्या लोटतात. सासूबाई म्हणाल्या, "आपला चातुर्मासही तेव्हाच बसतो."

गैरसमज नको. मासे मारणं मला पटत नाही, पटणारही नाही. बोंबलांच्या त्या रांगा आठवल्या की अजून पोटात कालवतं. पण जिवांबाबत संयम म्हणताना माणूस त्या जिवांतून मी वगळला होता. अंधारात दिसणार नाही म्हणून रात्री न जेवणारी मी, भर उन्हात समोरची बाई मला दिसली नाही.

संवत्सरीला आपण ओळखीच्या सगळ्यांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो, आणि ज्यांच्याशी काही बिनसलेलंच नाही त्यांनाही पाठवतो. ज्यांना खरं म्हणायचं ते राहून जातात. सासूबाईंचं आणि माझं ठरलंय, चैत्रातली ओळी झाली की एका सकाळी पाचूबंदरला जायचं. घर लक्षात आहे, निळ्या दाराचं. नाव विचारायचं, आणि पाणी का घेतलं नाही ते सांगायचं. उकळलेल्या पाण्याची बाटली सोबत असेलच, तिच्याच ओटीवर बसून पिऊ, ती बसू देईल तर.

मिच्छामि दुक्कडम्.