आशेरीचा गड

किल्ला म्हटला कीं आपल्या मनांत प्रथम रायगड किंवा सिंहगड उभा राहतो. ज्या डोंगराला शिवछत्रपतींच्या नांवाचें वलय नाहीं, त्याची वास्तपुस्त करावयास फारसें कोणी जात नाहीं. उत्तर कोंकणांतील आशेरी हा असाच एक उपेक्षित गड होय. पालघरहून मनोरमार्गें मुंबई-अहमदाबाद रस्त्याला लागलें म्हणजे खडकोना गांवाच्या पाठीशीं त्याचा कातळी माथा दिसतो.

हा गड भोजराजानें बांधला अशी परंपरा आहे. ती जशीच्या तशी स्वीकारणें कठीण. प्रसिद्ध भोज शिलाहार पन्हाळ्याचा. बाराव्या शतकाच्या अखेरीस त्याची सत्ता कोल्हापूर-कऱ्हाडच्या बाजूस होती. उत्तर कोंकण ठाण्याच्या निराळ्या शिलाहार घराण्याकडे होतें, व तेराव्या शतकांत देवगिरीच्या महादेव यादवानें सोमेश्वराचा पराभव करून तें घराणें संपविलें. कर्त्याचें नांव विसरलें कीं आपले लोक लेणें पांडवांना, देऊळ हेमाडपंताला आणि गड भोजाला देऊन मोकळे होतात. तेव्हां ‘भोज’ ह्या नांवांत एका राजापेक्षां एका जुन्या काळाची आठवण पाहणें अधिक सयुक्तिक होय.

१५५६ सालीं आशेरी पोर्तुगीजांच्या हातीं गेली. समुद्रावर हुकमत चालविणाऱ्या ह्या लोकांनीं किनारा सोडून रानांतला एक डोंगर कशासाठीं धरावा? ह्याचें उत्तर पायथ्याच्या सागवानांत आहे. जहाज बांधावयाचें तर साग पाहिजे. उत्तम साग आशेरी-मनोरच्या रानांत. आणि जवळूनच वैतरणा समुद्राकडे जाते. आरमाराचें मूळ अशा रीतीनें डोंगरांत रुजलेलें होतें. ज्याच्या हातीं आशेरी, त्याच्या हातीं हें रान.

१७३७ सालीं चिमाजी आप्पांची मोहीम सुरू झाली आणि हा सारा प्रदेश पेटला. जानेवारी १७३९ मध्यें तारापूरचा कोट सर झाला, परंतु त्या लढाईंत बाजी भिवराव रेठरेकर पडले. ह्याच मोहिमेंत आशेरी मराठ्यांकडे आली, आणि मे महिन्यांत वसईनें शरणागति पत्करली. आज तारापूर म्हटलें कीं लोकांना १९६९ सालीं सुरू झालेलें अणुवीजकेंद्र आठवतें. बोईसरच्या कारखान्यांकडे रोज जाणाऱ्या हजारों माणसांत बाजी भिवरावांचें नांव ऐकलेले किती असतील?

माथ्यावर आतां चौथरे, ढासळलेल्या भिंती, कातळांत कोरलेलीं पाण्याचीं टाकीं आणि पोर्तुगालची राजमुद्रा कोरलेला एक दगड एवढेंच उरलें आहे. जवळच गुहेंत आशेरीदेवीचें ठाणें आहे. राजमुद्रेची ओळख पटविणारा क्वचित् येतो. देवीला मात्र भोंवतालच्या पाड्यांतला माणूस विसरलेला नाहीं.

असे गड केवळ उन्हापावसानें मोडत नाहींत. जपानांत १६१५ सालीं तोकुगावा सत्तेनें हुकूम काढला कीं, प्रत्येक सरदाराच्या मुलुखांत एकच किल्ला राहावा. बाकीचे पाडून टाकावे. शेंकडों किल्ले त्यामुळें नाहींसे झाले. आपल्याकडे १८१८ सालीं पेशवाई बुडाली. त्याच वर्षीं कॅप्टन डिकिन्सननें कोंकणच्या किल्ल्यांची पाहणी केली. इंग्रजांनीं ठिकठिकाणीं तट पाडले, वाटा तोडल्या. दोन्हीकडे कारण एकच. सर्व देश एका सत्तेखालीं आला म्हणजे डोंगरावरचा लहानसा किल्ला तिच्या उपयोगाचा राहत नाहीं, बंडखोराच्या मात्र राहतो. म्हणून गड लढाईंत जितके मोडले नसतील, तितके शांततेंत मोडले.

ह्या दृष्टीनें पाहिलें तर आशेरीचा तो मुद्रांकित दगड महत्त्वाचा ठरतो. परक्यांची खूण म्हणून त्याकडे तुच्छतेनें पाहणें सोपें आहे. परंतु ज्या सत्तेनें येथील सागावर जवळजवळ दोन शतकें हक्क सांगितला, तिची सही ह्या दगडावर आहे. चिमाजी आप्पांनीं काय जिंकलें, हें समजण्यासाठींच ती जपली पाहिजे. प्रतिपक्षाचा दस्तऐवज फाडून आपला दावा बळकट होत नसतो.