फ्रेस्कोबाल्दीची तोक्काता

इतालियन भाषेंत ‘तोक्कारे’ म्हणजे स्पर्श करणें. त्यावरून ‘तोक्काता’ हें नांव आलें. आरंभीं तिचा हेतु साधा होता: वादकानें पट्ट्यांवरून हात फिरवावा, सूर अजमावावा आणि श्रोत्यांचें चित्त पुढील संगीताकडे वळवावें. मेरुलोप्रभृति वादकांनीं हा प्रकार पुष्कळ वाढविला. परंतु त्यांत मनाचे क्षणोक्षणीं पालटणारे भाव ओतले ते जिरोलामो फ्रेस्कोबाल्दीनें.

हा फेर्राराचा, जन्म १५८३. १६०८ सालीं रोमच्या सेंट पीटरच्या मंदिरांत त्याची ऑर्गनवादक म्हणून नेमणूक झाली. (आपल्या नाटकगृहांतील पायपेटीवजा ऑर्गन येथें डोळ्यांपुढें आणूं नये, हा मोठमोठ्या नळ्यांत वारा सोडून वाजविण्याचा.) १६१५ सालीं त्यानें तोक्कातांचें पहिलें पुस्तक रोमांत प्रसिद्ध केलें, तें तांब्याच्या पत्र्यांवर कोरून. खिळ्यांच्या छपाईंत धांवत्या बारीक स्वरांचे पुंजके आणि एकाच ओळींतील अनेक सूर नीट दाखवितां येत नसत. पत्र्यावर तें साधलें. म्हणजे वादकाच्या बोटांची प्रत्येक हालचाल आतां कागदावर उतरली, असें कोणासही वाटावें.

पण त्याच पुस्तकाच्या आरंभीं त्यानें वाचकांस उद्देशून जें लिहिलें आहे, तें या समजुतीला छेद देतें. तो सांगतो कीं, या रचना ठोक्याला बांधून वाजवूं नयेत. त्या काळच्या नव्या माद्रिगाल-गीतांप्रमाणें गति कधीं मंद, कधीं त्वरित ठेवावी, प्रसंगीं अधांतरीं थांबवावी. आरंभ सावकाश, सूर एकामागून एक उलगडीत करावा. हार्पसिकॉर्डची तार छेडली कीं तिचा नाद लगेच विरूं लागतो. म्हणून वाद्य रितें राहूं नये यासाठीं लांबलेले सूर पुनः छेडावे. एका हातांत कंपित स्वर असेल तर दुसऱ्या हाताचे स्वर त्याशीं मोजून जुळवीत बसूं नये. इतकेंच नव्हे, तर वाटेल त्या खंडाशीं थांबण्याचीही त्यानें मोकळीक दिली आहे!

आपल्या श्रोत्यांस येथें आलापाची आठवण होईल. सादृश्य आहे, पण तें ताणूं नये. येथें स्वर लिहिलेले आहेत, मोकळा आहे तो काळ. आणि मोकळीक म्हणजे सोपेपणाही नव्हे. १६२७ च्या दुसऱ्या पुस्तकांतील नववी तोक्काता पाहावी. तींत लयीचीं प्रमाणें वरचेवर पालटतात, मधूनच उजवा व डावा हात निरनिराळ्या हिशेबानें चालतो. आणि अखेरीस, श्रमावांचून शेवट गांठतां येत नाहीं, अशा अर्थाचा शेरा खुद्द रचनाकारानेंच मारून ठेवला आहे. मला तर या शेऱ्यांत थोडा मिस्किलपणाही दिसतो.

स्वरलिपीनें विद्या टिकते कीं निर्जीव होते, हा वाद आपल्याकडे भातखंड्यांच्या पुस्तकांनंतर रंगला. फ्रेस्कोबाल्दीनें प्रस्तावना लिहून यांतून वाट काढूं पाहिली. परंतु १६३७ सालीं व्हिएन्नाहून त्याच्यापाशीं शिकावयास आलेला फ्रोबेर्गर निराळ्या मताचा निघाला. आपल्या रचना इतरांच्या हातीं पडल्यास त्या बिघडवतील, ही त्याची धास्ती. १६६७ सालीं तो वारल्यावर त्याची शिष्या, व्युर्टेंबेर्गची डचेस सिबिला, हिनें हायगेन्स या डच विद्वानास कळविलें कीं, ज्यानें त्या खुद्द फ्रोबेर्गरपासून घेतल्या नाहींत, त्याला त्या नीट वाजवितां येणें शक्य नाहीं; सबब तिनें तीं हस्तलिखितें बाहेर दिलीं नाहींत.