मोहालीची चिप आणि हुकलेली पिढी

नवा मोबाइल किंवा लॅपटॉप बाजारात आला की तंत्रप्रेमी आधी विचारतो : प्रोसेसर किती नॅनोमीटरचा? या प्रश्नाच्या भारतीय इतिहासाचे एक महत्त्वाचे पान चंदीगडला लागून असलेल्या मोहालीत लिहिले गेले.

तेथील सरकारी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ साली ५ मायक्रॉन, म्हणजे ५,००० नॅनोमीटर तंत्राने चिपनिर्मिती सुरू झाली. आज अग्रगण्य असलेली तैवानची टीएसएमसी स्थापन झाली ती १९८७ साली. ७ फेब्रुवारी १९८९ रोजी मोहालीचा कारखाना आगीत जळाला आणि पुनरुभारणीस अनेक वर्षे लागली. या उद्योगात प्रत्येक पिढी मागील पिढीच्या अनुभवावर उभी राहते. म्हणून यंत्रांइतकीच हानी खंडित झालेल्या अनुभवाची होती. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता–दिल्ली असा देशातील पहिला मोबाइल संवाद झाला, तेव्हा जग बरेच पुढे गेले होते.

पुढे ही संस्था अंतराळ विभागाकडे आली. सप्टेंबर २०२५ मध्ये येथेच घडलेला ‘विक्रम ३२०१’ हा ३२-बिट प्रोसेसर पंतप्रधानांना सादर झाला. तो १८० नॅनोमीटर तंत्राचा आहे. महागड्या मोबाइलमधील चिप ३ नॅनोमीटरची म्हणवली जाते. मात्र ‘विक्रम’ प्रक्षेपकासाठी आहे. तेथे वेगापेक्षा तीव्र तापमानात न चुकण्याला मोल असते. खिशातील फोनसाठी मात्र ती हुकलेली वाट भारताला अजून चालायची आहे.